बाराव्या दिवशी लाल झालेला डोळा: मोतीबिंदूनंतरच्या थेंबांचे एक प्रकरण

हे प्रकरण एका ठरावीक व्यक्तीचे नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या चुका आणि अडचणी पुन्हा पुन्हा एकत्र दिसतात, त्या एका रुग्णाच्या सहा महिन्यांत गुंफल्या आहेत. औषधे, त्यांचे प्रमाण आणि तपासण्या मात्र प्रत्यक्ष वापरात असतात तशाच आहेत. थेंबांचा तक्ता डोळ्यागणिक बदलतो. तुमच्या डॉक्टरांनी दिलेला तक्ता इथल्यापेक्षा वेगळा असेल, तर तुमच्यासाठी तोच खरा.

शस्त्रक्रिया आणि पहिले सात दिवस

रुग्ण ६७ वर्षांच्या बाई. ११ वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७.६ टक्के. दृष्टिपटलावर मधुमेहाच्या खुणा नाहीत. दोन्ही हातांच्या बोटांना संधिवात. एरवी एकट्या राहतात. मुलगी शस्त्रक्रियेच्या वेळी चार दिवस सोबतीला होती. उजव्या डोळ्याची नजर ६/३६, डाव्याची ६/१८ (६/६ म्हणजे पूर्ण नजर), दोन्हीकडे चष्म्याचा नंबर उणे अडीचच्या आसपास.

उजव्या डोळ्याची फेको शस्त्रक्रिया थेंबांच्या भुलेखाली झाली. बुबुळाच्या, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक पडद्याच्या (कॉर्निया), कडेला २.८ मिमीचा छेद, त्यातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतला आणि मूळ भिंगाच्या पिशवीत घडी घालून नवे भिंग बसवले. टाका नाही. छेद तिरका असतो, त्यामुळे डोळ्याच्या आतल्या दाबानेच त्याचे ओठ मिटतात. शेवटी पुढच्या कप्प्यात, म्हणजे बुबुळ आणि त्यामागचा रंगीत पडदा यांच्यामधल्या जागेत, प्रतिजैविक सोडले. ही पद्धत का रुळली, तर युरोपातल्या अनेक केंद्रांत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेफुरॉक्झिम या प्रतिजैविकाच्या अशा १ मिग्रॅ मात्रेने डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गाचे प्रमाण सुमारे पाचपटीने घटले होते.

दुसऱ्या दिवशी नजर ६/१२, डोळ्याचा दाब १८ मिमी पारा (१० ते २१ सर्वसाधारण मानतात), छेदाजवळ बुबुळाला किंचित सूज. डोळ्यात बारीक खडा गेल्यासारखे वाटत होते, पाणी येत होते, पांढऱ्या वस्तू निळसर दिसत होत्या. हे सगळे अपेक्षितच होते. खुपणे छेदाचे, बुबुळाच्या कापलेल्या नसांचे आणि कोरडेपणाचे असते. निळसर छटा दिसते ती पिवळा पडलेला मोतीबिंदू निघून गेल्यामुळे. आधीच्या पिवळ्या गाळणीची सवय मोडायला मेंदूला काही दिवस लागतात.

घरी जाताना तीन बाटल्या दिल्या. मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, हे प्रतिजैविक, दिवसातून चार वेळा, ७ दिवस. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, हे स्टिरॉइड, पहिल्या आठवड्यात चार वेळा, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, चौथ्यात एक. नेपाफेनॅक ०.१ टक्के, हे स्टिरॉइड नसलेले सूज उतरवणारे औषध, दिवसातून तीन वेळा. मधुमेह असल्यामुळे ते लांब चालायचे होते. तिन्ही औषधे एकाच कागदावर, एकाखाली एक, बारीक अक्षरात.

सातव्या दिवशीच्या तपासणीत नजर ६/९, दाब १५, पुढच्या कप्प्यात सुजेच्या थोड्या पेशी शिल्लक. सांगितले गेले: "छान आहे. आता पहिली बाटली बंद करा." मुलगी तोवर परत गेली होती. बाईंच्या लक्षात राहिले ते "छान आहे" आणि "बंद करा". डोळा स्वच्छ दिसत होता, दुखत नव्हता, कागदावरची अक्षरे जवळच्या चष्म्याशिवाय लागत नव्हती. आठव्या दिवशी तिन्ही बाटल्या कपाटात गेल्या.

दिसायला लागले म्हणजे भरले असे नाही

या प्रकरणाची मेख इथे आहे. नजर आणि जखम यांची घड्याळे वेगळी चालतात. धुरकट भिंगाच्या जागी स्वच्छ भिंग आले की नजर दोन-चार दिवसांत परत येते. आतल्या ऊतींचे तसे नाही. ध्वनिलहरींची ऊर्जा, आत फिरवलेले पाणी, बुबुळामागच्या रंगीत पडद्याला लागलेला धक्का, पिशवीच्या कडेला राहिलेले भिंगाचे सूक्ष्म कण, या सगळ्यांनी शरीर प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने सोडत राहते. डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी रक्तातली प्रथिने आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपू देत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर त्या काही आठवडे सैल राहतात. मधुमेहात त्या मुळातच कमकुवत असतात, म्हणून आणखी सावकाश घट्ट होतात.

स्टिरॉइडचा थेंब ही गळती दाबून ठेवतो, आणि मात्रा हळूहळू कमी करत नेतात ती याचसाठी: खालची जखम भरत येईल तसा वरचा हात सैल करायचा. सातव्या दिवशी हात एकदम काढला तर दाबलेली सूज उसळी मारते. शांत, न दुखणारा डोळा औषधामुळे शांत असतो. "आता काही त्रास नाही, मग औषध कशाला" हा विचार साहजिक आहे आणि म्हणूनच ही चूक इतकी जास्त होते.

अकराव्या दिवशी बाईंना खिडकीतून येणारा उजेड सहन होईना. बाराव्या दिवशी सकाळी डोळा लाल, भुवईत ठणका, नजर धूसर. त्यांनी दवाखान्यात फोन केला आणि दुपारी तपासणी झाली. एक दिवस उशीर झाला खरा, पण घरात पडलेली स्टिरॉइडची बाटली त्यांनी स्वतःहून पुन्हा सुरू केली नाही, हे फार बरे झाले. का, ते पुढे येतेच.

लाल डोळ्यासमोरचा खरा प्रश्न

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या आठवड्यात लाल, धूसर, दुखणारा डोळा आला की पहिला विचार आतल्या जंतुसंसर्गाचाच करायचा, तो एन्डोफ्थॅल्मायटिस नाही हे पटेपर्यंत. तो विरळ आहे, पण काही तासांत दृष्टी नेऊ शकतो. बहुधा तो पहिल्या आठवड्यात, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आसपास दिसतो. सौम्य जंतूंमुळे उशिराही येतो. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अमेरिकेत या संसर्गावर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांना वेदना नव्हत्या. जवळजवळ सगळ्यांची नजर मात्र खालावली होती. काल दिसत होते त्यापेक्षा आज कमी दिसते, ही खूण वेदनेपेक्षा भरवशाची.

तपासणीत नजर ६/१८. दाब १२. फ्लोरेसिनचा नारिंगी रंग छेदावर लावून निळ्या उजेडात पाहिले. पाणी पाझरत असते तर रंग त्या जागी विरळ होऊन हिरवा ओघळ दिसला असता. ओघळ नव्हता. स्लिट लॅम्पच्या (डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्राच्या) बारीक किरणात, घरात आलेल्या कवडशात धूलिकण तरंगतात तशा, पुढच्या कप्प्यात भरपूर पेशी तरंगत होत्या आणि प्रथिनांमुळे किरणाचा मार्ग गढूळ दिसत होता. तळाशी पुवाचा थर नव्हता. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी, पापण्यांना सूज नाही, चिपडे नाहीत. बाहुली मोठी करून मागे पाहिले. काचद्रव, म्हणजे भिंगामागची पोकळी भरणारा जेलीसारखा पदार्थ, स्वच्छ; मागच्या पडद्याच्या (दृष्टिपटलाच्या) रक्तवाहिन्या स्पष्ट. मग विचारले, "काकू, थेंब कधीपासून घातले नाहीत?" उत्तर आले, "सात दिवसांचेच होते ना?"

निदान: स्टिरॉइड अचानक थांबवल्याने उसळलेली आतली सूज. स्वच्छ काचद्रव आणि औषध बंद केल्याच्या तारखेशी जुळणारा क्रम, या दोन गोष्टींवर ते उभे होते. तरीही त्याला पक्के म्हणायला आणखी एक दिवस लागणार होता.

उपचार असा: प्रेडनिसोलोन जागेपणी दर तासाला एक थेंब, होमॅट्रोपिन २ टक्के दिवसातून दोनदा, नेपाफेनॅक पुन्हा तीन वेळा. होमॅट्रोपिनने बाहुली मोठी राहते, आखडलेला स्नायू सैल पडून भुवईतला ठणका कमी होतो आणि रंगीत पडद्याची कड पिशवीला चिकटत नाही. त्याने जवळचे धूसर दिसते आणि उजेड डोळ्यात जातो, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण बिघडले समजून घाबरतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, २४ तासांत पुन्हा तपासणी. तासातासाला स्टिरॉइड देऊन सूज उतरली तर ती साधी सूज. संसर्ग असेल तर तो स्टिरॉइडखाली एक-दोन दिवस दबून मग उफाळतो, आणि तेव्हा काचद्रवाचा नमुना घेऊन त्यात व्हँकोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिग्रॅ ही प्रतिजैविके टोचावी लागतात. घरात उरलेली बाटली मनाने सुरू करण्यातला धोका हाच: लाली जाते, दुखणे थांबते, आणि तोवर आतला संसर्ग पडद्यापर्यंत पोचतो.

तेराव्या दिवशी पेशी स्पष्ट कमी, नजर ६/१२. थेंब दर दोन तासांवर आणले, सोळाव्या दिवशी दिवसातून सहा वेळा, आणि तिथून दर आठवड्याला एक थेंब कमी.

बाटलीने सांगितलेली गोष्ट

बाराव्या दिवशी बाईंना बाटल्या सोबत आणायला सांगितले होते. प्रेडनिसोलोनची ५ मिली बाटली अर्ध्याहून अधिक रिकामी होती. हिशेब जुळेना. एका थेंबात ३० ते ५० मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे ५ मिलीच्या बाटलीत निदान १०० थेंब. सात दिवस रोज चार, म्हणजे २८ थेंब. मग बाकीचे गेले कुठे?

"काकू, थेंब कसे घालता ते एकदा दाखवा," असे म्हटल्यावर सगळे समोर आले. बाई खुर्चीत बसून मान किंचित मागे करत. दुखऱ्या बोटांनी बाटली दाबायला जोर लागे, त्यात हात थरथरे, एका दाबात दोन-तीन थेंब निघत आणि त्यातला एखादाच डोळ्यात पडे, बाकी गालावर. एका वेळी बाटलीचे टोक पापणीच्या केसांना लागले. बाटली हलवण्याचे तर नावच नाही. आणि एकामागून एक तिन्ही औषधे अर्ध्या मिनिटात संपवली.

म्हणजे पहिल्या सात दिवसांतही औषध अर्धवटच पोचत होते. मुलगी सोबत होती ते चार दिवस तिने घातले. उरलेले तीन दिवस नुसता प्रयत्न. ही माहिती सातव्या दिवशी सहज मिळाली असती. रुग्णाला तपासताना दहा मिनिटे घालवायची आणि थेंब घालून दाखवायला एक मिनिट सांगायचे नाही, हा उपचारातला दोष आहे. त्याचे खापर रुग्णावर फोडता येत नाही.

आता प्रत्येक चुकीमागचे कारण. डोळ्यात एरवी सुमारे ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि क्षणभर फार तर ३० मावतात. म्हणून एकच थेंब पुरतो. दुसरा गालावरच ओघळतो. दोन औषधांमध्ये ५ मिनिटे न सोडल्यास दुसरे पहिल्याला धुऊन टाकते. प्रेडनिसोलोन ॲसिटेट पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण तळाशी बसतात. न हलवता घातले तर सुरुवातीला नुसते पाणी आणि शेवटी दाट औषध मिळते. टोक पापणीला लागले की पापणीवरचे जंतू बाटलीत जातात आणि दिवसातून चार वेळा परत डोळ्यात येतात. संसर्ग करणारे सर्वांत नेहमीचे जंतू रुग्णाच्या स्वतःच्या पापणी-त्वचेवरचेच असतात, म्हणून हा मुद्दा क्षुल्लक नाही.

बाईंना शिकवलेली पद्धत अशी. हात साबणाने धुवून कोरडे करायचे. बाटली दहा वेळा खालीवर हलवायची. पलंगावर उताणे झोपायचे, उशीशिवाय. दुसऱ्या हाताच्या बोटाने खालची पापणी गालाच्या हाडावर टेकवून खाली ओढायची. बोटाचा भार हाडावर, डोळ्यावर अजिबात नाही. बाटली धरलेला हात कपाळावर टेकवायचा म्हणजे थरथर कमी होते. टोक एक-दोन सेंटिमीटर वर ठेवून छताकडे बघत पापणीच्या खोबणीत एक थेंब. डोळा हलकेच मिटायचा, घट्ट आवळायचा नाही, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात हाडावर बोट टेकवून दोन मिनिटे थांबायचे. अश्रू तिथून नाकात उतरतात. वाट बंद ठेवली की औषध डोळ्यात टिकते आणि घशात कडू चव येत नाही.

तरीही नेम चुकत होता, तेव्हा दुसरा मार्ग दिला. उताणे झोपून डोळा मिटायचा, मिटलेल्या पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या खळग्यात थेंब सोडायचा आणि मग सावकाश डोळा उघडायचा. थेंब आपोआप आत उतरतो. यासाठी पापण्या आधी पुसलेल्या हव्यात. उकळून गार केलेल्या पाण्यात निर्जंतुक कापूस भिजवून पिळायचा, नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. तोच बोळा परत फिरवायचा नाही. थेंब डोळ्यात पडला की नाही, ही शंका असेल तर बाटली थंड जागी ठेवून घालावी, गार स्पर्श लगेच कळतो. कुठे ठेवायची ते त्या औषधाच्या वेष्टनावर पाहून ठरवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून देतात, आत शिल्लक असले तरी.

चौथा आणि सहावा आठवडा

चौथ्या आठवड्यात पुढचा कप्पा शांत, पण दाब २७. स्टिरॉइडच्या थेंबांनी काही लोकांचा दाब चढतो. तो बहुधा दोन-तीन आठवडे औषध चालल्यावर चढतो आणि रुग्णाला काहीही कळत नाही. ना दुखणे, ना लाली. मोजल्याशिवाय सापडत नाही, म्हणून "बरे वाटते" या कारणासाठी ही भेट चुकवू नये. प्रेडनिसोलोनच्या जागी दाब कमी चढवणारे लोटेप्रेडनॉल ०.५ टक्के दिले आणि दाब उतरवणारा टिमोलॉलचा थेंब काही आठवडे जोडला. तो देण्याआधी दमा आणि हृदयाची मंद गती विचारून घेतली. त्या दोन्हीत ते वर्ज्य. दोन आठवड्यांत दाब १६ वर आला.

सहाव्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "मधले अक्षर जरा वाकडे दिसते." नजर ६/९ वरून पुन्हा ६/१८. डोळा पांढरा शुभ्र, पुढे सगळे स्वच्छ. ओसीटीत, म्हणजे दृष्टिपटलाचे थर दाखवणाऱ्या प्रकाशकिरणांच्या स्कॅनमध्ये, पडद्याचा मध्यभाग, मॅक्युला, ४१० मायक्रॉन जाड आणि त्यात पाण्याच्या बारीक पोकळ्या. एरवी ही जाडी साधारण २५० ते २८० असते. शस्त्रक्रियेनंतरची ही सूज चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सर्वाधिक दिसते. पुढच्या कप्प्यातली रसायने झिरपत मागे पोचतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या गळू लागतात. मधुमेह, आणि त्यात दुसऱ्या आठवड्यातली उसळलेली सूज. दोन्ही कारणे इथे हजर होती.

नेपाफेनॅक तीन वेळा चालू ठेवले, स्टिरॉइडचा कमी दाब चढवणारा थेंब चार वेळा. दर महिन्याला ओसीटी. दहाव्या आठवड्यात ३३०, चौदाव्यात २७५, नजर ६/६. अशी बहुतेक सूज काही महिन्यांत उतरते. न उतरल्यास डोळ्याच्या बाजूला किंवा आत औषध टोचण्याचे मार्ग आहेत, त्यांची गरज पडली नाही. नेपाफेनॅकसारखी औषधे लांब चालतात तेव्हा बुबुळ अधूनमधून तपासावे लागते. कोरड्या किंवा नसा कमकुवत झालेल्या बुबुळावर त्यांनी जखम होऊ शकते, आणि मधुमेहात ती शक्यता जास्त.

या सहा आठवड्यांत बाईंना सर्वांत जाचली ती वेगळीच गोष्ट, चष्मा. उजवा डोळा बिनचष्म्याचा, डावा उणे अडीच. जुना चष्मा लावला की उजवीकडे धूसर, काढला की डावीकडे. दोन डोळ्यांतल्या प्रतिमांचा मेळ नाही, खोली कळत नाही, पायरीचा अंदाज चुकतो. शस्त्रक्रियेनंतरची पडझड बऱ्याचदा अशी होते, आणि त्यात मांडीचे हाड मोडले तर डोळ्यापेक्षा मोठे संकट. उजव्या बाजूला नंबर नसलेली साधी काच बसवून घेतली, वाचायला अधिक अडीचचा तयार चष्मा, जिन्यात कठडा धरायचा आणि रात्री वाटेवर दिवा चालू. कायमचा नंबर सूज उतरल्यावरच काढला; तो चौथ्या-सहाव्या आठवड्यात काढायची रीत असली तरी सुजलेल्या पडद्यावर काढलेला नंबर फुकट जातो.

ज्यांचा दोष नव्हता त्या गोष्टी

डोळा लाल झाल्यावर घरात पहिला संशय आला तो नवव्या दिवशी डोक्यावरून घेतलेल्या आंघोळीवर. मग वाकून बादली उचलण्यावर. मग टीव्हीवर. यातल्या कशानेही ही सूज आली नव्हती.

या धास्तीमागे इतिहास आहे. हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि चार्ल्स केल्मन यांनी १९६७ मध्ये फेकोची सुरुवात केली. पण त्यानंतरही बरीच वर्षे बहुतेक शस्त्रक्रिया १० ते १२ मिमीच्या छेदातून, टाके घालून होत. त्याआधी तर रुग्णाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्याला कित्येक दिवस निश्चल झोपवत. महिनोनमहिने न वाकण्याची, न नाहण्याची पथ्ये त्या काळातली. त्या जखमेसाठी ती योग्यच होती.

२.८ मिमीच्या छेदाला पाळायचे ते वेगळे. सर्वांत घातक म्हणजे डोळा चोळणे. बोटाने दाबले की छेदाचे ओठ उघडतात, आतले पाणी बाहेर येते आणि हात सोडताच बाहेरचे पाणी जंतूंसह आत ओढले जाते. झोपेत हात जातो, म्हणून कडक प्लास्टिकची ढाल, मऊ पट्टी नव्हे, पहिला आठवडा रोज रात्री लावायची. कपाळ आणि गाल या हाडांवर टेकलेली, तिरकी चिकटपट्टी मारलेली, रोज साबणाने धुऊन वाळवलेली. त्या कुशीवर झोपायचे नाही. नळाचे पाणी डोळ्यात जाऊ न देता मानेखालून आंघोळ पहिल्या दिवसापासून चालते. केस धुवायचे तर आठवडाभर मान मागे टेकवून, दुसऱ्याच्या मदतीने. पोहणे निदान चार आठवडे बंद. जड ओझे आणि श्वास कोंडून जोर लावणे एक-दोन आठवडे टाळावे. बद्धकोष्ठ असेल तर तेवढ्यापुरते औषध घ्यावे. खाली पडलेली वस्तू गुडघ्यात वाकून उचलावी. टीव्ही, मोबाइल, वाचन यांनी भिंग सरकत नाही; पापण्या कमी मिटतात म्हणून डोळा कोरडा पडतो, एवढेच. पाणी न शिंपडता संरक्षक-द्रव्यरहित कृत्रिम अश्रू घालावेत. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालूच ठेवायच्या.

फोनची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, जायचे ते केव्हा: नजर आदल्या दिवसापेक्षा खालावली, लाली किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढले, उजेड सहन होईना, पू आला, डोळ्याला मार लागला, विजेसारख्या चमका, एकदम पुष्कळ काळे ठिपके किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली दिसली. शेवटची खूण पडदा सुटण्याची असते आणि ती महिन्या-वर्षांनीही येऊ शकते; तरुण, पुरुष आणि मोठा उणे नंबर असलेल्यांना धोका जास्त. शस्त्रक्रियेच्याच रात्री भुवईत तीव्र दुखून मळमळ आणि उलटी झाली तर ते पित्त समजू नये. शस्त्रक्रियेत वापरलेली जेली आत राहून तिच्यामुळे दाब चढलेला असू शकतो. याउलट कानाकडच्या कडेला चंद्रकोरीसारखी स्थिर सावली किंवा दिव्याभोवती झळाळी पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळांना दिसते आणि बहुतेकांची आपसूक विरते. पुढच्या भेटीत सांगावी.

दुसरा डोळा

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया सतराव्या आठवड्यात झाली, उजव्याचा मॅक्युला कोरडा राहिलेला दोनदा पाहिल्यावरच. नेपाफेनॅक तीन दिवस आधीपासून सुरू. ओसीटी आधी काढून ठेवली, म्हणजे पुढे तुलनेला आधार राहील. दाब चढण्याचा पूर्वानुभव असल्याने सुरुवातीपासून लोटेप्रेडनॉल.

कागद बदलला. तीन औषधांचा एक कागद काढून टाकला आणि प्रत्येक बाटलीचे स्वतंत्र पान केले, मोठ्या अक्षरात, वर बाटलीच्या टोपणाचा रंग, खाली दिवसागणिक चौकोन, थेंब घातला की फुली. "७ दिवस" असे न लिहिता शेवटची तारीख लिहिली. बाटल्यांना वेगवेगळ्या संख्येने रबर लावले: प्रतिजैविकाला एक, स्टिरॉइडला दोन, तिसरीला तीन, धूसर दिसतानाही बोटाला कळावे म्हणून. शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधीपासून बाईंनी कृत्रिम अश्रूंच्या बाटलीवर सराव केला आणि नेम बसतो हे तपासूनच तारीख पक्की केली. पहिल्या डोळ्याच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या फेकून दिल्या. भिंगाचा प्रकार आणि ताकद छापलेली दोन्ही डोळ्यांची कार्डे एका पाकिटात ठेवली. पुढे पिशवी धूसर होऊन लेसर करावे लागले किंवा भिंगाबद्दल काही विचारले गेले, तर ती लागतात.

सातव्या दिवशी तपासणीनंतर बाईंनाच विचारले, उद्यापासून कोणते औषध किती वेळा. त्यांनी पान न बघता सांगितले: एका रबराची बंद, दोन रबरांची तीन वेळा, तीन रबरांची तीन वेळा. बाटलीत हिशेबाइतकेच औषध उरले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी कप्प्यात एकही पेशी नव्हती, दाब १५, मॅक्युला २६८ मायक्रॉन. नेपाफेनॅक ठरल्याप्रमाणे साठाव्या दिवसापर्यंत चालले आणि त्या तारखेच्या चौकोनात शेवटची फुली पडली.